ढब्बूचा चतकोर ठिपका

सासूबाईंनी फ्रिजच्या दारावरचा कागद चुंबकासकट उपटला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटा करून पाठीमागूनही पाहिला आणि विचारलं, "सूनबाई, या ठिपक्याचा लचका कोणी तोडला?"

सूनबाई त्या वेळी ढब्बूच्या तोंडातून त्याचाच पायमोजा सोडवत होती.

"कुठल्या ठिपक्याचा?"

"शेवटच्या. या महिन्याच्या. बाकीचे सगळे कसे टपोरे गोल आहेत. आणि हा बघ. चतकोर!"

ढब्बू हे नाव बापाने मुलगा जन्मायच्या आधीच ठेवलं होतं, निव्वळ आशेवर. प्रत्यक्षात जे हातात आलं ते मोठाल्या डोळ्यांचं, लांबोडक्या पायांचं आणि काडीसारखं होतं. तब्येतीने ठणठणीत; पण मांडीवर घेतल्यावर बघणाऱ्याने 'अगं बाई' म्हणावं असं. म्हणूनच सूनबाई दर महिन्याला दवाखान्यातून वजन करून आणायची, संगणकात भरायची, त्याचा आलेख छापायची आणि फ्रिजला लावायची. संख्याशास्त्र शिकलेली बाई. औषधांच्या चाचण्यांचे आलेख काढणं हीच तिची नोकरी. सध्या सुट्टीवर होती, पण हात शिवशिवायचे. शिवाय कुणी 'अगं बाई' म्हटलं की बोट दाखवायला काहीतरी हवं.

"लचका नाही तो, आई. चौकटीची कड आली ना तिथं," ती म्हणाली. "हा आलेख काढणारा प्रोग्रॅम आकडे बघून चौकट आखतो. सगळ्यात मोठा आकडा वरच्या कडेवर, सगळ्यात नवा महिना उजव्या कडेवर. ढब्बूचं वजन दर महिन्याला वाढतंच आहे, म्हणून त्याचा शेवटचा ठिपका बरोब्बर कोपऱ्यात बसतो. आणि चौकटीबाहेर जे जाईल ते प्रोग्रॅम छाटून टाकतो. क्लिपिंग म्हणतात त्याला. उलट चांगलंच आहे हे. कोपऱ्यात आहे, म्हणजे वाढतोय."

सासूबाईंची उभी हयात टपाल कचेरीत शिक्क्यांच्या टेबलावर गेली होती. अर्धवट उमटलेला शिक्का त्यांच्या लेखी शिक्काच नव्हता. त्यांनी सुनेचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. सुतळी न बांधता पार्सल घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं, तसं.

"पोराचे तीन हिस्से छाटले," त्या म्हणाल्या, "आणि चांगलं आहे म्हणतेस."

"पोराचे नाही हो, ठिपक्याचे!"

"कागदावर पोर म्हणजे ठिपकाच ना? आणि हा पहिला बघ, जन्माचा. तोही चतकोर. आला तेव्हाही चतकोर, आताही चतकोर!"

"तो खालच्या कोपऱ्यात आहे म्हणून. आणि मागच्या महिन्याचा आठवतो का? तोही असाच कापलेला होता. आता बघा, झाला की नाही पुरा?"

"होणारच. महिनाभर मी भरवलंय त्याला."

सूनबाई पायमोजा पिळत राहिली. सासूबाईंनी कागद परत फ्रिजला लावला, चुंबक दाबून बसवला आणि निकाल दिला, "हा ठिपका पुरा होत नाही तोवर मी काही इथून हलत नाही."

सासूबाई आल्या होत्या ढब्बूला सर्दी झाली म्हणून, 'चार दिवसांसाठी'. सर्दी केव्हाच गेली. सासूबाई वाईट नव्हत्या. तेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्या फक्त मागून यायच्या. तिने खिडकी लावली की मागून येऊन फटीएवढी उघडायच्या. तिने अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघितलं की मागून येऊन आपलं कोपर बुडवायच्या. 'तुझं बरोबरच आहे गं' असं म्हणून लंगोट सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. सुट्टी संपून कामावर जायच्या आत निदान थोडे दिवस तरी सूनबाईला हे घर आपल्या हाताने चालवून बघायचं होतं. आपल्याला येतं की नाही, एवढंच. आणि आता त्या थोड्या दिवसांच्या आणि तिच्या मध्ये उभा होता एक चतकोर ठिपका.

संध्याकाळी नवरा घरी आला. तो पूल तपासायच्या कामावर होता. कुठला पूल किती वाकला याचे अहवाल लिहायचा. त्याने चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या तोडगा काढला.

"सोप्पंय. चौकट मोठी कर की. कडेला जागा सोड, ठिपका येईल आत."

सूनबाईने चौकट मोठी केली, कागद छापला. ठिपका पुरा आला, गोल गरगरीत. सासूबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी धरला. इकडून तिकडे नजर फिरली. चष्म्याआडचे डोळे बारीक झाले.

"मघाशी पोर पार टोकाला होतं," त्या म्हणाल्या. "आता खाली घसरलं!"

"आई, घसरलं नाही, वर मोकळी जागा..."

"तीच म्हणतेय मी. वर एवढी जागा मोकळी आहे आणि पोर खाली. भरणार कोण ती?"

नवऱ्याने चहाचा कप तोंडाला लावला, आणि त्यातला चहा संपला तरी खाली घेतला नाही.

झालं. चौकटीला हात लावायची सोय राहिली नाही. आता चौकट तीच ठेवून, ठिपका कोपऱ्यातच ठेवून, तो पुरा दिसला पाहिजे. प्रोग्रॅमला तसं सांगायची सोय आहे का, हे सूनबाईने शोधलं. नव्हती. ज्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, जोरावर ती आलेख काढायची, ती सगळ्यांसाठी खुली होती. कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातले हौशी लोक फावल्या वेळात तिच्यात भर घालत. रंग बदलायची सोय होती, अक्षरं तिरकी करायची सोय होती, ठिपक्याऐवजी चांदणी काढायचीही सोय होती. छाटणी मात्र सरसकट. चौकटीबाहेर गेलं की गेलं.

"सोय नसेल तर मी करते," सूनबाई म्हणाली.

"लायब्ररीत?" नवरा म्हणाला. "एका ठिपक्यासाठी?"

"एका ठिपक्यासाठी. कोपऱ्यातला ठिपका कोपऱ्यात ठेवून पुरा काढला नाही, तर संख्याशास्त्राचं नाव घेणार नाही."

नवऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. प्रसूतीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी 'अजून थोडा जोर' म्हटल्यावर तिचा चेहरा असाच झाला होता. त्याने मुकाट्याने ढब्बूला उचललं आणि आईकडे दिलं.

पहिला प्रयत्न रांगडा होता. घरच्या संगणकावर लायब्ररीची प्रत होती. तिच्यात शिरून तिने छाटणीच बंद करून टाकली. ठिपका पुरा उमटला! पण ढब्बूच्या ठिपक्यांमागे तिने मुलांच्या सर्वसाधारण वाढीच्या रेषा काढलेल्या होत्या, आणि त्या पार शाळेत जायच्या वयापर्यंतच्या होत्या. चौकट ढब्बूच्या आकड्यांवर बेतलेली, म्हणून इतके दिवस त्या चौकटीशी थांबायच्या. आता त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. त्या चौकट ओलांडून, ढब्बूचं नाव खोडून, कागद संपेपर्यंत धावत सुटल्या.

"या कागदाला वेणीफणी कोण करणार?" सासूबाईंनी विचारलं.

ते एक वेळ चाललं असतं. पण घरात संगणक एकच होता. त्याच रात्रीच्या आत साहेबांना पाठवायचा म्हणून नवऱ्याने घाईघाईत पुलाचा अहवाल तयार केला, त्याच लायब्ररीने, आणि न बघता धाडला. सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. साहेबांचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता.

"तुमचा पूल कुठपर्यंत वाकलाय?"

"मर्यादेत आहे, सर. अगदी मर्यादेत."

"मर्यादेत? अहो, पानाबाहेर गेलाय तो! माझ्या नावातून आरपार गेलाय! वरच्या साहेबांनी विचारलं, पूल बंद करायचा का?"

नवरा एका गालाला फेस घेऊन बाहेर आला. "काय केलंयस तू?"

"छाटणी बंद केली," सूनबाई म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण त्याच क्षणी डोक्यात उजेडही पडला. "म्हणजे सरसकट बंद करून भागणार नाही! रेषा छाटायच्या आणि ठिपके नाही छाटायचे. प्रत्येकाला आपली वेगळी कळ हवी. थँक यू हं!"

"थँक यू काय? मला पूल उघडायचाय!"

तिने आधी त्याचा पूल सरळ करून दिला. मग ढब्बूला सासूबाईंच्या खांद्यावर दिलं आणि कामाला बसली.

लायब्ररीत बदल करायचा, तर आधी तो लायब्ररीच्या राखणदाराला पटवावा लागे. हा राखणदार कुठल्या देशी राहतो, बाई आहे की बुवा, कुणालाच माहीत नव्हतं. नावाच्या जागी त्याने घुबडाचं चित्र लावलेलं होतं. बोलणं मोजकं. सूनबाईने सविस्तर पत्रक लिहिलं: चौकटीवरचे ठिपके कापले जातात, प्रत्येक घटकासाठी छाटणी चालू-बंद करायची सोय हवी, ती मी करून देते. खाली कोडही जोडलं.

उत्तर आलं: "का?"

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. त्या मागे उभ्या होत्याच. "नमस्कार नाही, चमत्कार नाही? कोण गं हा?"

"राखणदार आहे. त्याने हो म्हटल्याशिवाय काही होत नाही."

"घुबडासारखा दिसतोय."

"चित्र आहे ते, आई."

त्या दिवसापासून घरात घुबडाचा विषय जेवणाच्या ताटापर्यंत आला. "घुबड काय म्हणतंय?" सासूबाई विचारायच्या. घुबड बरंच काही म्हणत होतं. ठिपक्यांचं केलंत, अक्षरांचं काय? बाणांचं काय? चित्रांचं काय? दोन आलेख शेजारी असतील आणि एकाचा ठिपका दुसऱ्यात घुसला तर? सूनबाई एकेक कळ बसवत गेली. एक बसवली की दुसरी निखळे. ठिपके पुरे आले तर बाण गायब. बाण आले तर अक्षरं भिंतीवरच्या पालीसारखी चौकटीला चिकटलेली. एका ठिपक्यासाठी निघालेली बाई अख्ख्या लायब्ररीची डागडुजी करत बसली.

"सोडून दे," नवरा म्हणाला. "मी हाताने रंगवून देतो ठिपका. पेनाने."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा."

"लग्नापर्यंत त्याच्या?" सूनबाई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

मग घुबडाने नमुना मागितला. बदल दाखवणारा एक आलेख, खऱ्या आकड्यांचा, सगळ्यांना बघता येईल असा. सूनबाईचे डोळे मिटायला आले होते. हाताशी जो आलेख होता तो तिने जोडला आणि ढब्बूजवळ जाऊन आडवी झाली. उठल्यावर पाहते, तर चर्चेच्या पानावर झुंबड. तिला वाटलं, कोड आवडलं. वाचायला लागली आणि कानशिलं तापली. नमुना म्हणून तिने ढब्बूचाच आलेख पाठवला होता, मथळ्यासकट.

"कोड उत्तम," एकाने लिहिलं होतं. "पण मधल्या दोन महिन्यांत रेषा जरा सपाट का?"

"आमचीही अशीच होती," दुसऱ्याचं म्हणणं. "आता दारातून येताना तिला वाकावं लागतं. काळजी नको."

तिसऱ्याने स्वतःचं नाव 'जुळ्यांचा बाप' असं ठेवलेलं होतं. त्याने कोडबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "वरचं दूध बाटलीने देता का? तिचं रबरी बूच बघा. भोक बारीक असेल तर पोर ओढून ओढून दमतं आणि अर्ध्यात झोपतं."

चौथ्याला जुळ्यांच्या बापाचं पटलं नव्हतं. पाचव्याने दोघांनाही मोडीत काढलं होतं. शेवटी घुबडाने दटावलं होतं: "चर्चा कोडपुरती ठेवावी." आणि त्याखाली, थोड्या वेळाने: "बाळाला उताणंच झोपवता ना?"

शेजारपाजारच्या सल्ल्यांपासून वाचायला सूनबाईने गेले कित्येक महिने लिफ्ट सोडून जिना धरला होता. आणि आता अख्खं जग जिन्यात उभं होतं.

ती पान बंद करणार, तोच मागून आवाज आला, "थांब. वाच ते. मोठ्याने."

सासूबाईंनी सगळं वाचून घेतलं. मधून मधून मान डोलावली. "हा जुळ्यांचा बाप शहाणा दिसतो," त्या म्हणाल्या. "आण बरं ती बाटली."

बुचाचं भोक खरंच बारीक निघालं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या एका बाबतीत दोघींचीही चूक होती, त्यामुळे कुणी कुणाला काही म्हणालं नाही. नवं बूच आलं. ढब्बूने बाटली रिकामी केली, बाटलीकडे पाहिलं आणि आणखी मागितली.

"जुळ्यांच्या बापाला आशीर्वाद कळव माझा," सासूबाई म्हणाल्या.

"चर्चा कोडपुरती ठेवायचीय, आई."

"मग कोडातून कळव."

सगळ्या कळा जागेवर बसल्या, आणि नेमकं तेव्हाच घुबडाने मूळ मुद्द्याला हात घातला. सूनबाईने ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. घुबडाने लिहिलं होतं: कोड बरोबर आहे. पण मला तत्त्व मान्य नाही. चौकट ही हद्द आहे. हद्दीबाहेर काही काढायचं नाही, म्हणून तर चौकट. या बदलाला माझी संमती नाही.

"काय झालं? तोंड का उतरलं?" सासूबाईंच्या खांद्यावर ढब्बू झोपला होता.

"नाही म्हणाला. चौकटीबाहेर काही जाताच कामा नये म्हणे."

"असं म्हणाला?" सासूबाई जागच्या जागी ताठ झाल्या. शिक्क्यांच्या टेबलावर वरिष्ठ तपासनीस आला की त्या अशाच होत असणार. "हातात पेन घे."

"पेन नाही लागत त्याला."

"मग जे लागतं ते घे. लिही. म्हणावं, मी शिक्के मारण्यात जन्म घालवला. पाकिटावर तिकीट असतं. तिकिटाला कड असते. आम्ही शिक्का कुठं मारतो? बरोब्बर कडेवर. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. तिकीट संपलं म्हणून शिक्का अर्ध्यात थांबवला, तर कुणीही तिकीट सोलून दुसऱ्या पाकिटाला लावेल. कडेवरची खूण पुरी उमटली, तरच ती खरी. तिकिटानं आपल्या हद्दीत राहावं. खुणेला हद्द नसते. लिहिलंस? आता म्हणावं, तुम्ही कधी पत्र पाठवलंय की नाही कुणाला?"

"हे शेवटचं नको."

"तेच मुख्य आहे."

सूनबाईने सगळं भाषांतर करून लिहिलं. शेवटचं वाक्य गाळायला म्हणून थांबली, मागे बघितलं आणि तेही लिहिलं.

सूनबाई भांडी आवरता आवरता चार वेळा पडद्याशी आली. सासूबाई म्हणाल्या, "दुधाकडे बघ आता, उतू जाईल," पण त्याही दोनदा डोकावून गेल्या. मग उत्तर आलं.

"शिक्क्याचं पटलं. माझ्या आजोबांचा तिकिटांचा संग्रह आहे. आताच काढून पाहिला. रेषा हद्दीत, खुणा मोकळ्या, हे योग्य. पण जुन्या लोकांचे आलेख बिघडता कामा नयेत. मुळात छाटणी चालूच राहील, ज्याला हवी त्याने बंद करावी. आणि कळ दोन्ही बाजूंना फिरते का, ते तपासून दाखवा. एकदा बंद केली की चालूच होत नाही, असं नको. पत्रं मी पाठवत असे."

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "आजोबांचं नाव निघालं की माणूस सुधारतो."

पुढचे सगळे दिवस सूनबाई कळ चालू-बंद, चालू-बंद करून तपासत बसली. या अवधीत घर चाललं, ते सासूबाईंच्या हाताने. ढब्बू उठला, जेवला, भिजला, रडला, हे तिला आवाजावरून कळायचं. आणि झोपला, हेही आवाजावरूनच. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन पाठीवर थापटायच्या, ते साधंसुधं थापटणं नव्हतं. थप-थप, ठप्प. थप-थप, ठप्प. दोनदा शाईच्या गादीवर, एकदा पाकिटावर. ढब्बूचं टपाल असं शिक्का मारून रवाना व्हायचं. टाइप करता करता सूनबाईची बोटंही त्याच ठेक्यावर पडायला लागली.

एका दुपारी पडद्यावर हिरवी खूण उमटली. बदल स्वीकारला. तळाशी घुबडाने लिहिलं होतं: "धन्यवाद. आपल्या वरिष्ठांनाही सांगा."

"झालं!" सूनबाई ओरडली. ढब्बू दचकला. "आई, झालं! आता जगात कुणाचाच ठिपका कापला जाणार नाही!"

सासूबाई ढब्बूचं झबलं घडी करत होत्या. घडी अर्धी राहिली.

"झालं का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं." मग घडी पुरी केली. "नवा कागद छापशील तेव्हा दाखव. मग मी निघते. शब्द म्हणजे शब्द."

छापायचं ठरलं रविवारी, ढब्बूचं नवं वजन आल्यावर. सोमवारी सूनबाईची नोकरी सुरू होत होती. आणि तोवर सासूबाईंनी हात काढून घेतले. "तुझं तू कर आता. सवय हवी," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. खिडकी लावली, कुणी उघडली नाही. पाण्यात कोपर बुडवलं, मागून दुसरं कोपर आलं नाही. लंगोट बांधला, कुणी सोडला नाही. तो आपोआप सुटला.

हेच तर तिला हवं होतं. ती उत्साहाने घर चालवायला लागली. पहिल्याच दिवशी भात लागला, धुतलेले कपडे यंत्रात तसेच राहिले, आणि ढब्बू झोपेना. तिने खांद्यावर घेतलं. थप-थप, ठप्प. ढब्बूने मान मागे करून तिच्याकडे पाहिलं. खिडकी बंद झाल्यावर आलेल्या माणसाकडे कारकून बघतो, तसं. ठेका बरोबर होता, पण शिक्का उमटत नव्हता. आणि सोमवारपासून तर तीही नसणार. पाळणाघरातल्या ताई चांगल्या होत्या, हसऱ्या होत्या. तिने दोनदा जाऊन पाहिलं होतं, दाराच्या कड्या आणि खेळण्यांचे कोपरे तपासले होते. पण तिथं एवढ्या मुलांत ढब्बूच्या खिडकीची फट कोण उघडणार?

"सांग ना तिला सरळ, राहा म्हणून," नवरा कुजबुजला.

"मी कशी सांगू? एवढा आटापिटा त्या जाव्यात म्हणून केला, हे काय त्यांना कळलं नसेल? तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणेल, बायकोनं पढवलं."

"मग आपल्याच मनाने सांगितल्यासारखं सांग!"

"तसं मला कधी जमलंय?"

रविवारी दवाखान्यातून वजन आलं. चांगलं वाढलं होतं. नव्या बुचाचा गुण. सासूबाईंनी बाहेर जायची साडी नेसली, बॅग दाराशी आणून ठेवली आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "चल. छाप."

सूनबाई संगणकासमोर बसली. लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती. तिने ढब्बूचा आकडा भरला. ठिपक्यांची छाटणी बंद, अशी कळ फिरवली. पडद्यावर ठिपका उमटला: कोपऱ्यात, गोल, पुरा, चौकट ओलांडून ऐटीत बसलेला. इतक्या दिवसांचं काम. इतका सुरेख ठिपका तिने आयुष्यात काढला नव्हता.

तिने मागे पाहिलं. सासूबाई ढब्बूच्या तोंडातून पायमोजा सोडवत होत्या आणि तो दोन्ही मुठींनी त्यांचा चष्मा ओढत होता.

सूनबाईने ओठ घट्ट मिटले. कळ दुसऱ्या बाजूला फिरवली. फिरली. अगदी सहज फिरली.

छपाईयंत्र घुरघुरलं. कागद बाहेर आला. तिने तो सासूबाईंच्या हातात दिला आणि नजर जमिनीकडे वळवली.

सासूबाईंनी चष्मा ढब्बूकडून परत मिळवला. कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिल्या.

"चतकोर," त्या म्हणाल्या.

"हो ना," सूनबाई म्हणाली. "काय झालं कोण जाणे. काहीतरी राहिलं वाटतं."

"घुबडानं हो म्हटल्यावरही?"

"त्याच्याकडे बरोबर दिसतो. आपल्याकडेच येत नाही."

"वेळ लागेल का?"

"लागेल, आई. आता नोकरीही सुरू होतेय. संध्याकाळी जमेल तसं बघावं लागेल. कदाचित... बराच वेळ."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. फार मोठा. टपाल कचेरीच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढा. "बघ बाई. मला काय हौस आहे? पण शब्द म्हणजे शब्द. पुरा झाल्याशिवाय कशी हलू?" आणि मुलाला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? ती बॅग आत नेऊन ठेव."

नवऱ्याने बाह्या सरसावल्या, कमरेतून वाकला, दोन्ही हातांनी बॅग धरली आणि जोर लावून उचलली. बॅग इतक्या सरकन वर आली की तो तोल जाऊन दारावर आदळला. बॅग हवेत हलत राहिली. आतून कशाचा आवाजही आला नाही.

"आई," तो म्हणाला, "यात तर काहीच..."

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. "ढब्बू झोपतोय."

ढब्बू टक्क जागा होता. सासूबाईंनी त्याला खांद्यावर टाकलं, खिडकीशी गेल्या आणि फटीएवढी उघडली.